दिवाळसणाला नेलेला कॉम्प्रेसर

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मग सांगतो. आणि हातातला चहा संपवून घ्या, मध्येच नाकातून आला तर मला बोल लावायचा नाही.

मला सांगा, पहिल्या दिवाळसणाला जावई सासरी काय घेऊन जातो? मिठाईचा पुडा. मेहुण्याला शर्टाचं कापड. फार तर फटाक्यांची एखादी पेटी. मी कॉम्प्रेसर घेऊन गेलो! हातगाड्यावर बोल्ट मारून बसवलेला, रॉकेलच्या इंजिनावर चालणारा, दोन माणसांनी ढकलला तरच हलणारा कॉम्प्रेसर. शिवाय वीस हात रबरी नळी, थिनरचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेली माझी स्प्रे गन.

त्या वेळी मी इचलकरंजीत मागांचे सांगाडे रंगवायचो. माग काही उचलून रंगवायला आणता येत नाहीत, म्हणून मीच एका पोऱ्याला जोडीला घेऊन हा गाडा ढकलत शेडाशेडांतून हिंडायचो. लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून मोटरीऐवजी इंजिन. त्या इंजिनाचा सायलेन्सर गंजून कधीच गळून पडला होता. चालू केलं की शेजारच्या शेडमधला माणूस बाहेर येऊन शिव्या देऊन जायचा. हा सायलेन्सर लक्षात ठेवा. सगळं घोडं तिथंच पेंड खाणार आहे, आणि पेंड हा शब्दही लक्षात ठेवा.

सासुरवाडी कोल्हापुरात, गवळी गल्लीत. सासऱ्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची, मीही अप्पाच म्हणायचो. सासूबाई म्हणजे अव्वा. मेहुणा शिवा, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, मला दाजी म्हणायचा. आणि घरातली पाचवी म्हणजे मैना. मैना ही अप्पांची म्हैस. माझी बायको सुवर्णा मला लग्नाआधीच म्हणाली होती, "आमच्याकडं आधी मैनाची चौकशी करा, मग माझी." मला वाटलं, थट्टा करतेय.

जे कोल्हापूरचे नाहीत त्यांना सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची मिरवणूक असते. म्हैस धुऊन-भादरून चकचकीत करायची, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोरपीस. मग मालकानं सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर बसायचं आणि फाडफाड आवाज करत सुटायचं. मागून म्हैस, शेपूट वर करून, ना दावं ना दोरी, नुसत्या त्या आवाजामागं पळत येते! मंडळाच्या सत्काराच्या मांडवासमोर गाडीचा आवाज वाढवला की मागच्या दोन पायांवर उभी राहते. यासाठी महिना-महिना सराव चालतो.

अप्पांचे गुडघे त्या साली पार गेले होते. गाडीला किक मारायची म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचे. गणपती उठले तसे त्यांनी सांगून टाकलं होतं, "यंदाचा पाडवा माझा शेवटचा. फुडल्या साली शिवा जाईल मैनाच्या म्होरं." बोलले साधंच, पण बोलून झाल्यावर बराच वेळ गोठ्यात जाऊन बसले होते, असं सुवर्णानं मला सांगितलं.

आता एवढं ऐकल्यावर शहाण्या जावयानं काय करावं? गप्प बसावं! पण मी तर लग्नातच अप्पांची गाडी बघून ठेवली होती. टाकीला पोचे, मडगार्डला गंज, रंग मूळचा कुठला ते ओळखू येत नव्हतं. पुढच्या भेटीत मी छाती काढून म्हणालो, "अप्पा, शेवटचा पाडवा आहे ना? गाडी माझ्याकडे द्या. शोरूममधून काढल्यासारखी करतो."

"कशाला वो?" अप्पा म्हणाले. "म्हस काय रंग बघून पळतीया व्हय?"

ऐकलंत? किती शहाणा माणूस! त्यांचं तिथंच ऐकलं असतं तर आज मी तुम्हाला दुसरंच काहीतरी सांगत बसलो असतो.

"एका दिवसाचं काम आहे अप्पा," मी म्हणालो.

तर पाडव्याच्या आठ दिवस आधी, मालकाकडून रजा आणि कॉम्प्रेसर दोन्ही मागून घेऊन, मी टेम्पोतून गवळी गल्लीत उतरलो. गल्ली गोळा झाली. अव्वा आरती घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी मला ओवाळलं, मग जरा विचार करून कॉम्प्रेसरलाही कुंकू लावलं.

त्याच दिवशी गोठ्यापुढच्या अंगणात मी गाडी उघडली. टाकी काढली, मडगार्ड काढले, बाजूचे पत्रे काढले. टाकीच नाही म्हटल्यावर गाडी चालू व्हायचा प्रश्नच नाही. शिवा म्हणाला, "दाजी, सकाळचा सराव हाय मैनाचा."

"उद्या कर. एक दिवसानं काय होतंय?"

मग मी भाषण दिलं. होय, भाषण! ओट्यावर गल्लीतले सात-आठ जण बसले होते आणि माझ्या हातात गन होती. चांगली गन हातात आली की माणूस आपोआप बोलायला लागतो. मी म्हणालो, "हे बघा, हा खालचा पेला, यात रंग. मागून हवा. पुढं हे नोझल. चाप अर्धा दाबला की नुसती हवा, पूर्ण दाबला की रंग. रंगात थिनर किती? काडी बुडवून वर धरायची, थेंब एकामागून एक तुटून पडले पाहिजेत. धार लागली तर पातळ, लोंबत राहिला तर घट्ट. रंग गाळल्याशिवाय पेल्यात घालायचा नाही. गन पत्र्यापासून वीतभर लांब. वाऱ्याकडं तोंड करून कधी मारायचं नाही. नोझलच्या भोकात तार घालायची नाही, म्हणजे नाही! आणि काम संपलं की आधी गन धुवायची, मग हात, मग जेवण."

"लई कडक शिस्त हाय की पावण्याची," ओट्यावरचे बाळूअण्णा म्हणाले. बाळूअण्णा हे अप्पांचे शेजारी, आणि पाडव्याला त्यांची म्हैस मैनाच्या खांद्याला खांदा लावून असायची. हा माणूस पुढे मला फार छळणार आहे.

पत्रा घासून तयार होता. मी दोरी ओढून इंजिन चालू केलं.

फाड फाड फाड फाड!

गोठ्यात मैना ताडकन उठली. शेपूट वर, कान टवकारलेले, दाव्याला असा हिसका की खुंटा हलला. गोठ्यातला भुसा सगळा हवेत. आता ताज्या रंगाचा सगळ्यात मोठा वैरी कोण? धूळ! एक कण बसला की पुन्हा घासा. म्हैस शांत केल्याशिवाय रंग मारणं शक्यच नव्हतं. मी शक्कल काढली. कोपऱ्यात सरकी पेंडीचं पोतं होतं, त्यातलं एक ढेकूळ उचलून तिच्या तोंडात दिलं. बाई गप्प! डोळे मिटून रवंथ. मी खूश होऊन आणखी चार ढेकळं खिशात टाकली आणि कामाला लागलो.

अप्पा कानावर हात ठेवून बाहेर आले. "आवाज वळखीचा वाटतोय," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मी लक्ष दिलं नाही.

प्रायमर, म्हणजे अस्तराचा पहिला हात, असा बसला म्हणता! गुळगुळीत, एक ओघळ नाही. गन थिनरनं धुवायची म्हणून डबा उघडतोय तोवर आतून अव्वांचा आवाज आला, "जावईबापू, पान वाढलंय! पोळ्या गार व्हायल्यात."

"दोन मिनिटं अव्वा, पिचकारी धुतो." त्या गनला पिचकारी म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायला लागलो होतो.

"पिचकारी पळून जातीया व्हय? उठा आधी!"

पहिल्या दिवाळसणाचा जावई. नाही म्हणायची सोय आहे का? पुरणाच्या पाच पोळ्या खाल्ल्या. सहावी शिवानं धरून घातली. नंतर अव्वांनी स्वच्छ चादर अंथरली आणि "जरा पाठ टेका" म्हणाल्या. मी पाठ टेकली. उठलो तेव्हा गोठ्यात संध्याकाळच्या धारा चालल्या होत्या.

गन? दगड! आत प्रायमर वाळून बसलेला, चापसुद्धा हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून थिनरमध्ये भिजवली, ब्रशनं घासली, इंजिन चालू करून हवा मारून बघितली. पचकन एक गोळा उडायचा आणि बंद. पुन्हा भिजव, पुन्हा इंजिन, पुन्हा पचक. प्रत्येक वेळी इंजिन चालू झालं की मैना उठायची, प्रत्येक वेळी मी पेंड द्यायचो. दुपारी माझं डोकं फिरलं. मी सुवर्णाच्या पदराची पिन मागितली.

"अवो, कालच तर म्हणालासा, तार घालायची न्हाय म्हणून," ती म्हणाली.

"पिन म्हणजे तार नव्हे!" मी ओरडलो.

भोक मोकळं झालं. फार मोकळं झालं. त्यानंतर गन डावीकडे मारायला लागली. मी टाकीवर नेम धरतोय आणि रंग शेजारच्या तुळशीवर! ओट्यावरून बाळूअण्णा म्हणाले, "पावणं, तुळस झ्याक दिसायलीय. दुसरा हात कवा मारणार?"

तिसरा दिवस उद्यमनगरातल्या दुकानांतून नवीन नोझल शोधण्यात गेला. चौथ्या दिवशी किरमिजी रंगाचा पहिला हात मारला आणि टाकीभर पुळ्या उठल्या. का? कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेबरोबर पाणी साठतं, ते रोज सकाळी खालचा कॉक उघडून सोडायचं असतं. हे इचलकरंजीत मी रोज करतो. इथं चार दिवस अव्वांचा शिरा खात बसलो होतो! कॉक उघडला तर अर्धा तांब्या गंजकं पाणी निघालं. पाचवा दिवस ते सगळं घासून काढण्यात गेला. सहाव्या दिवशी हात सुंदर बसला, मी चार पावलं मागे सरून कौतुकानं बघतोय, तेवढ्यात शिवानं कडब्याची पेंढी आणून धाडकन आपटली. ओल्या रंगावर कडब्याची नक्षी!

"शिवा!!"

"मग म्हशीनं खायाचं काय दाजी? तुमची पेंडच?"

रोज संध्याकाळी अप्पा यायचे, सुट्या पडलेल्या गाडीकडे बघायचे आणि विचारायचे, "जावईबापू, सराव?"

"उद्या, अप्पा."

ते मान हलवून आत जायचे. जावयाला बोलायचं नसतं ना! एखादी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं मला. आणि इकडं मैना इतकी शहाण्यासारखी वागायला लागली होती की मी इंजिनाच्या दोरीला हात घातला की तीच उठून माझ्या खिशाकडे तोंड करायची. गनमधून फुस्स आवाज आला की मान वर. मला कौतुक वाटायचं. मी सुवर्णाला म्हणालो, "बघ, तुमच्या म्हशीला कसा लळा लावलाय मी."

"एवढी पेंड नका घालू," ती म्हणाली. "लाडावतीया ती."

"लाडावू दे की! जावयाची म्हैस आहे."

सातव्या दिवशी शेवटचा हात बसला आणि, खोटं नाही सांगत, आरसा! टाकीत तोंड बघून दाढी करावी. आठवा दिवस वाळण्यात गेला. त्या दिवशी शिवानं एक जुना ब्रश आणि रंगाची एक डबी घेऊन मैनाची शिंगं रंगवली. दहा मिनिटांत. एकही चूक नाही. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

पाडवा उजाडला. मी अव्वांनी दिलेला दिवाळसणाचा पांढराशुभ्र सफारी घातला. पहाटेच आम्ही गाडी जोडली होती, सायलेन्सर काढून ठेवला होता. गल्ली माणसांनी भरली. अप्पा भगवा फेटा बांधून बाहेर आले, गाडीवरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काम मात्र झालंय हां." आठ दिवसांत पहिल्यांदा हसले. 

शिवानं मैनाचं दावं सोडलं. अप्पांनी देवाचं नाव घेऊन किक मारली.

फाड फाड फाड!

मैना जागची हलली नाही.

अप्पांनी आवाज वाढवला. "मैनाss! चल गं बाई!" मैनानं एकदा गाडीकडे बघितलं, जशी ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघतात, आणि रवंथ करत राहिली. अप्पा गल्लीच्या टोकापर्यंत गेले, एकटेच. परत आले, पुन्हा गेले. पाठीमागं म्हैस नाही आणि फेटा बांधलेला माणूस गल्लीतून एकटाच फाडफाड करत हिंडतोय! लोक हसायला लागले.

मग एकेकाची अक्कल बाहेर पडली.

"रंगाचा वास लागलाय तिला."

"वास न्हवं, रंगच! गंजक्या गाडीची सवय, आता लाल बघून बुजलीया."

"नजर लागली, नजर. मिरच्या उतरा."

बाळूअण्णा सावकाश म्हणाले, "अप्पा, गाडी वळखंना झालीया म्हस. जावयानं गाडी इतकी झ्याक केली की म्हशीला वाटतंय ही आपल्या घरची न्हवंच."

"म्हशीला रंग कळत नसतो!" मी ओरडलो. शिवा माझ्यावर ओरडला. सुवर्णा शिवावर ओरडली. अव्वा मिरच्या घेऊन मैनाभोवती फिरत होत्या, आणि मैना त्या मिरच्या खायला बघत होती.

आणि अप्पा? अप्पांनी गाडी बंद केली. गुडघ्याला हात लावून उतरले, ओट्यावर बसले आणि फेटा सोडायला लागले.  बत्तीस पाडवे केलेला माणूस!  त्या क्षणी मला ती गाडी, तो रंग, ती गन, सगळं पंचगंगेत नेऊन टाकावंसं वाटलं.

पण माझी खुमखुमी बघा. मला तरीही सिद्ध करायचं होतं की दोष रंगाचा नाही! मी म्हणालो, "थांबा अप्पा. वास येत असेल तर तो वरच्या कोरड्या रंगाच्या धुळीचा. हवेनं उडवून टाकतो, मग बघा." कॉम्प्रेसर अंगणात कोपऱ्यात उभा होता. मी गन नळीला जोडली आणि इंजिनाची दोरी ओढली.

फाड फाड फाड फाड!

मैनाची शेपूट उभी राहिली. कान टवकारले. आणि ती निघाली! माणसं भिंतींना चिकटली, मिरच्या उडाल्या, बाळूअण्णा ओट्यावरून पडले. अप्पांच्या गाडीला वळसा घालून मैना थेट माझ्यासमोर येऊन थांबली आणि तिनं ते रंगवलेल्या शिंगांचं डोकं माझ्या पांढऱ्या सफारीच्या खिशात घातलं. पेंड शोधत होती.

सगळी गल्ली आ वासून बघतेय. नुसतं इंजिन चाललेलं.

मग अव्वा म्हणाल्या, "आगं बया! ह्यांनी म्हस फितवली!"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. आठ दिवस गाडी सुटी पडलेली, म्हणजे तिनं गाडीचा आवाजच ऐकलेला नाही. आठ दिवस हे बिनसायलेन्सरचं इंजिन, दिवसातून सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी तोंडात पेंड. सराव चुकला म्हणून अप्पा झुरत होते, आणि सराव तर रोज चालला होता! मीच घेत होतो! पहिल्या दिवशी गन धुतली असती तर एका दिवसात काम उरकलं असतं आणि यातलं काहीएक घडलं नसतं.

"दाजी," शिवा दात खाऊन म्हणाला, "आता काय करायचं बोला."

आणि मी, ज्यानं हे सगळं केलं तोच मी, म्हणालो, "अप्पा, फेटा सोडू नका. गाड्यावर बसा."

"कुठल्या गाड्यावर?"

मी हातगाड्याकडे बोट दाखवलं.

अप्पांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मैनाच्या पुढं जायचं तर दुसरा मार्गच नव्हता. पाच मिनिटांनी आमची मिरवणूक निघाली ती अशी: शिवा आणि तालमीतले दोन पैलवान गाडा ओढतायत, गाड्यावर रंगाच्या पालथ्या डब्यावर फेटा बांधून अप्पा बसलेत, शेजारी कॉम्प्रेसर फाडफाडतोय, मी गाड्याला लोंबकळून चाप अर्धा दाबून फुस्स फुस्स करतोय, आणि मागून मैना, शेपूट वर, शिंगं चमकत, अशी पळतेय की तशी ती कधी पळालीच नव्हती. आणि आठ दिवस खपून आरशासारखी केलेली ती फटफटी? गल्लीत उभी. कुत्रंसुद्धा तिच्याकडे बघत नव्हतं.

मांडवाजवळ पोचलो तर लाउडस्पीकरवरून आवाज आला, "डासांच्या फवारणीवाल्यांना आत कुणी सोडलं? ओ पावणं, पांढरा सफारी! सणाच्या दिवशी तरी फवारू नका! मागं म्हस येतीया, वाट सोडा तिला!"

"ही म्हैस आमचीच आहे!" मी ओरडलो, पण इंजिनात कोण ऐकणार?

"आरं, गवळी गल्लीचं अप्पा बसल्यात की त्याच्यावर!" लाउडस्पीकरवाल्याला आता कुठं ओळख पटली. "अप्पा, गाडी कुठाय?"

 अप्पांनी हात वर केला. मैनाला उभं करायची ती खूण होती, पण त्याबरोबर गाडीचा आवाज वाढवावा लागतो, आणि इंजिनाचा आवाज काही वाढेना. मग मी घाईत चाप दाबला. पूर्ण दाबला! आणि पेल्यात परवाचा उरलेला किरमिजी रंग, वाळू नये म्हणून वरून भरपूर थिनर ओतलेला, तसाच होता, कारण, तुम्ही ओळखलंच असेल, मी परवाही गन धुतली नव्हती. शिवाय उभा होतो वाऱ्याकडे तोंड करून. सगळा रंग उलटून माझ्या अंगावर. दिवाळसणाचा सफारी, मिशा, चष्मा, सगळं किरमिजी!

पण फुस्स मात्र मोठा झाला. मैना मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिनं पुढचे दोन पाय गाड्यावर ठेवले, अगदी अप्पांच्या मांडीजवळ. अप्पांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मांडवातली माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली, शिट्ट्या, हलगी, काही विचारू नका. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्याही येत होतं, पण माझं थिनरमुळं.

सत्काराला तीन हार आले. पहिला अप्पांच्या गळ्यात. दुसरा मैनाच्या. तिसरा घेऊन मंडळाचे एक गृहस्थ माझ्या दिशेनं आले. मी नम्रपणे मान झुकवली. ते मला वळसा घालून गेले आणि त्यांनी हार कॉम्प्रेसरला घातला.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण पुढच्या दिवाळीच्या तोंडावर कारखान्यात मला फोन आला. अप्पांचा. ख्यालीखुशाली झाली, सुवर्णा कशी आहे विचारलं, मग म्हणाले, "आन कॉम्प्रेसर कसा हाय?"

"बरा आहे."

"सायलेन्सर न्हाय न्हवं बसवला?"

"नाही, तसाच आहे. पण अप्पा, तुम्ही तर गेल्या साली शेवटचा पाडवा म्हणाला होता?"

"ते फटफटीचं हुतं वो. गुडघं चालत न्हाईत म्हणून. गाड्यावर बसायला गुडघं कशाला पायजेत? अजून धा पाडवं करतो बघा. कवा निघतायसा?"

मला खरंच आनंद झाला. पण त्या वर्षी दिवाळीत शेडचं मोठं काम अंगावर होतं. मी अगदी वरमून म्हणालो, "अप्पा, वाईट वाटतंय, पण यंदा मला येणं जमेल असं दिसत नाही."

 मला वाटलं, दुखावले.

"हात्तिच्या!" अप्पा म्हणाले. "मग तुम्ही ऱ्हावा की. कॉम्प्रेसर तेवढा टेम्पोत घालून द्या. पेंड हाय आमच्याकडं."

मी फोन ठेवणार, एवढ्यात पुन्हा आवाज आला.

"आन जावईबापू, ती पिचकारी तेवढी धुऊन धाडा."